सिसिग बरिटोत की टाकोत?

विषय सिसिगचा, म्हणजे बारीक चिरलेल्या डुकराच्या मांसाच्या फिलिपिनो पदार्थाचा. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या कट्ट्यावर वाद पेटला तो पिंट्याच्या एका वाक्यावरून. "फिलिपिनो-मेक्सिकन जेवण म्हणजे नुसतं फूड ट्रकवाल्यांचं मार्केटिंग. २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सेन्योर सिसिगची गाडी लागली आणि सगळ्यांना हे सुचलं."

नाना लगेच सरसावले. "अरे, १५६५ ते १८१५, अडीचशे वर्षं फिलिपिन्सचं मनिला ते मेक्सिकोचं आकापुल्को अशी जहाजं चालू होती. मका, शेंगदाणे, चिकू फिलिपिन्सला गेले. माडाची सूर काढायची कला मेक्सिकोत आली. तिथल्या कोलिमात आजही तुबा, म्हणजे हीच सूर, विकतात, वर शेंगदाणे घालून."

"म्हणजे आमच्या गोव्याचीच सूर," आग्नेल म्हणाला. "तिचं व्हिनेगर सोरपोतेलमध्ये, तसंच फिलिपिनोंच्या अडोबोत."

"इतिहास ऐकवून टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकन पोळी, फाटायचा थांबत नाही," स्वाती म्हणाली. तिचं म्हणणं सरळ होतं: या जेवणात सगळं बिघडतं ते पाण्यामुळे. "अडोबो घ्या. एक किलो डुक्कर, अर्धा कप व्हिनेगर, अर्धा कप सोया सॉस, एक अख्खा लसूणगड्डा, तीन तमालपत्रं, चमचाभर मिरी. व्हिनेगरला उकळी येऊन त्याचा उग्र वास जाईपर्यंत ढवळायचं नाही. मग झाकून मांस मऊ होऊ द्यायचं. भातावर घ्यायचं तर इथे थांबलं तरी चालतं. टाकोत, म्हणजे दुमडलेल्या छोट्या टॉर्टियात, भरायचं असेल तर झाकण काढून तेल सुटेपर्यंत आटवायचं, तंतू सुटे करायचे आणि त्याच चरबीत कडा कुरकुरीत होईपर्यंत परतायचे. घाईत हे शेवटचं राहिलं की रस मनगटावरून कोपरापर्यंत."

"म्हणून तर बरिटो," पिंट्या म्हणाला. "बारा इंची मैद्याचा टॉर्टिया सगळं गुंडाळून धरून ठेवतो."

"धरतो, पण आत वाफ कोंडते. सिसिगचं कसं असतं? फिलिपिन्सच्या पाम्पांगा प्रांतात डुकराचे कान आणि गाल उकडून, निखाऱ्यावर भाजून, बारीक चिरतात. मग कांदा, मिरची आणि कलामान्सी, म्हणजे तिकडचं छोटं लिंबू. इथे पुष्कळदा खांद्याचं मांस वापरतात, ते ठीक आहे. पण मजा कुरकुरीतपणात, आणि बरिटोत तो पाच मिनिटांत मरतो. त्यात गरम भात भरला की झालंच."

"भात हवाच!" आग्नेल.

"हवा, पण सिनांगाग, म्हणजे लसूण घालून परतलेला. आदल्या दिवशीचा भात, आपल्या फोडणीच्या भातासारखा. ताजा घातला की लगदा होतो. लसूण मंद आचेवर सोनेरी करून आधी बाजूला काढायचा. करपला तर अख्खा भात कडू."

स्वातीचा कौल मक्याच्या टाकोला. टॉर्टिया दोन घ्यायचे, तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकायचे. मक्यात ग्लुटेन नाही, गार टॉर्टिया दुमडला की चिरतो. दोन चमचे सिसिग, वर कच्चा कांदा, आणि कलामान्सी अगदी शेवटी, विस्तवावरून उतरवल्यावर. साल्सा वेगळी मागायची. टाको पार्सल न्यायचा नाही. न्यायचाच तर मांस एका डब्यात, टॉर्टिया फॉइलमध्ये.

पिंट्याने हार मानली नाही, नुसता सूर बदलला. "आणि अंडं? सिसिगवर अंडं नको म्हणतात ना तुमचे पाम्पांगावाले?"

"मेयोनीजही नको म्हणतात," नाना म्हणाले. "मला अंडं चालतं. मेयोनीज मात्र आंबटपणा दाबतं."

इतका वेळ गप्प बसलेल्या वहिनी म्हणाल्या, "सगळं खरं, पण मी शाकाहारी. मी काय मागवू?"

यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं: मेनूवरच्या नावावर विश्वास ठेवायचा नाही. टोफू सिसिग घेताना कालवांचा ऑयस्टर सॉस किंवा पातीस, म्हणजे माशाचं पाणी, आहे का ते विचारायचं. राजमा डुकराच्या चरबीत परतलेला असू शकतो. लेचोनच्या, म्हणजे भाजलेल्या डुकराच्या, सॉसमध्ये बहुतेकदा कलेजी असते. लुम्पिया, म्हणजे फिलिपिनो स्प्रिंग रोल, भाज्यांची असली तरी तळणीचं तेल मांस तळलेलंच का, हाही प्रश्न.

"आणि गोड?"

"लेचे फ्लान म्हणजे कॅरॅमल कस्टर्ड, त्यात नुसते पिवळे बलक, वाफवलेले. मेक्सिकन फ्लानमध्ये अख्खी अंडी, ओव्हनमध्ये. दोन्ही तुम्हाला नाहीत," स्वाती म्हणाली. "उबे ओर्चाता हे पेय मागवा. तांदूळ, दालचिनी आणि जांभळा कंद. दूध कुठलं घालतात ते विचारा, आणि साखर निम्मी सांगा."

"निम्मी कशाला?" पिंट्या म्हणाला, आणि पुन्हा सुरू झालं.