गवंड्याला काय धरता, बिल्डरला धरा

शुक्रवारी रात्री नऊला नव्या गेमचं डाउनलोड लावलं. १२० जीबी. संपायला पहाट झाली. ४,९९९ रुपये मोजले होते, तेही दोन महिने हात आखडता घेऊन. शनिवारी सकाळी चहा घेऊन बसलो तर स्क्रीनवर 'शेडर कंपाइल होत आहेत, कृपया थांबा', म्हणजे चित्रं दाखवायची पूर्वतयारी चालू. थांबलो. चाळीस मिनिटं थांबलो. मग गेम सुरू झाला आणि पहिल्याच गावात माझा घोडा पोटापर्यंत जमिनीत रुतला. ज्या म्हाताऱ्याशी बोलून पुढचं काम मिळायचं, त्याला चेहराच नव्हता. हवेत दोन डोळे, दातांची एक रांग, आणि त्या दातांतून बोलणं चालू. तिसऱ्यांदा गेम बंद पडला तेव्हा सेव्हही उडाला, म्हणजे खेळून झालेलं सगळं पुसलं गेलं.

पैसे परत मागितले. उत्तर आलं, दोन तासांपेक्षा जास्त वेळ गेम चालवलाय, नियमात बसत नाही. अहो, चालवला कुठे? चाळीस मिनिटं तर पट्टी सरकताना बघत बसलो होतो! तीही 'खेळण्याच्या' वेळेत मोजली. तळपायाची आग मस्तकात जाते ती अशी.

आणि मग लोक शहाणपण शिकवायला येतात. 'गेम बनवणं किती अवघड असतं माहितीये का?' असेल अवघड. पूल बांधणंही अवघड असतं. म्हणून मधला गाळा न टाकता टोल घेतला तर चालेल का? दुसरे म्हणतात, 'प्रीऑर्डर कशाला केलंस, गेम यायच्या आधीच पैसे कशाला भरलेस, चूक तुझीच.' म्हणजे फसवणाऱ्यावर विश्वास ठेवला हा गुन्हा, फसवणं हा नाही. वाण्याने किलोच्या पिशवीत सातशे ग्रॅम साखर भरली तर 'घरून तराजू का नाही आणलास' असं विचारतं का कोणी?

पण सगळ्यात जास्त चीड मला तिसऱ्या जातीची येते. 'डेव्हलपर आळशी आहेत, टेस्टर झोपा काढत होते.' हे वाचलं की माझा मामेभाऊ डोळ्यांसमोर येतो. तो गेम टेस्टिंगचं काम करतो. एक भिंत घ्यायची आणि तिच्यावर प्रत्येक कोनातून धडका मारत राहायच्या, दिवसभर, पात्र कुठून आरपार जातंय का बघायला. सापडलं की व्हिडिओ काढायचा, कुठल्या पायऱ्यांनी घडलं ते लिहायचं, बग, म्हणजे गेममधला दोष, नोंदवायचा. गेल्या दिवाळीत घरी आला होता तेव्हा सांगत होता, 'दादा, आम्हाला सापडत नाही असं नसतंच. आम्ही टाकतो, आणि चार दिवसांनी त्याच बगवर शिक्का बसलेला असतो, नोन शिपेबल.' म्हणजे काय, तर दोष माहीत आहे, तरीही माल पाठवायचा. एक बग त्याने तीनदा पुन्हा उघडला होता. तिन्ही वेळा बंद झाला. गेम बाजारात आला तेव्हा लोकांनी त्याच बगचे व्हिडिओ टाकून टेस्टरच्या आईबापांचा उद्धार केला.

तो शिक्का मारणारा कोण? त्याला शोधा की!

सायबरपंक २०७७ हा गेम आठवतोय ना? पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने २०१२ साली जाहीर केलेला. एप्रिल २०२० ची तारीख दिली, मग सप्टेंबर, मग नोव्हेंबर. 'गोल्ड' झाला, म्हणजे डिस्क छापायला माल तयार, असं ऑक्टोबरात सांगितलं आणि तीन आठवड्यांत पुन्हा तारीख ढकलली. सक्तीचं जादा काम लावणार नाही असा शब्द दिला होता, आणि शेवटी पोरांना आठवड्याचे सहा दिवस जुंपलं. १० डिसेंबरला गेम आला तेव्हा ८० लाख लोकांनी आधीच पैसे भरून ठेवले होते. सोनीच्या पीएस ४ या गेम खेळायच्या यंत्रावर तो धड चालत नव्हता. आणि हे झाकलं कसं, तर समीक्षकांना आधी फक्त पीसीची आवृत्ती दिली, वर स्वतः रेकॉर्ड केलेलं दाखवायचं नाही अशी अट. कंपनीने दिलेल्याच क्लिप वापरा! आठवडाभरात सोनीने गेम आपल्या स्टोअरवरून काढून टाकला, तो परत यायला जून २०२१ उजाडलं. ज्याला आपला माल बरा आहे असं वाटतं तो माल दाखवायला घाबरत नाही. ही अट कोडिंग करणाऱ्या पोराने घातली नव्हती. जानेवारी २०२१ मध्ये कंपनीचा सहसंस्थापक मार्चिन इविन्स्की कॅमेऱ्यासमोर येऊन म्हणालाच, टीमला दोष देऊ नका, निर्णय माझा आणि संचालक मंडळाचा होता. पैसे गोळा झाल्यावर का होईना, म्हणाला.

हे आजचं नाही. १९८२ साली अटारी या गेम कंपनीने 'ईटी' चित्रपटावरचा गेम ख्रिसमसला बाजारात हवा म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ या एका माणसाला जेमतेम पाच आठवडे दिले. एक माणूस, पाच आठवडे! गेम पडला, न खपलेल्या कॅसेट न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरल्या, २०१४ मध्ये त्या उकरूनही काढल्या. तारीख ठरवणाऱ्यांची नावं किती जणांना आठवतात? वॉर्शॉचं मात्र सगळ्यांना पाठ.

आपल्याकडेही तेच. प्रिन्स ऑफ पर्शिया मालिकेतल्या 'सँड्स ऑफ टाइम' या जुन्या गेमचा रीमेक, म्हणजे नवा अवतार, युबीसॉफ्ट कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओत बनत होता. सप्टेंबर २०२० मध्ये ट्रेलर आला, ग्राफिक्सची जगभर खिल्ली उडाली. जानेवारीची तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत, आणि २०२२ मध्ये काम कॅनडातल्या माँट्रियलच्या स्टुडिओला हलवलं. तेव्हा आपलेच लोक म्हणत होते, 'इथल्या पोरांना झेपत नाही.' किती वेळ दिला, किती माणसं दिली, कोणी विचारलं? मला त्याचं फार लागलं होतं, अजून लागतं.

अर्धवट विकायचंच असेल तर तसं सांगून विका. बाल्डर्स गेट ३ हा गेम ऑक्टोबर २०२० पासून जवळजवळ तीन वर्षं 'अजून पूर्ण नाही' असं पाटीवर लिहून विकला, ऑगस्ट २०२३ ला पुरा केला. घेणाऱ्याला माहीत होतं काय घेतोय ते. माझ्या ४,९९९ च्या गेमवर असं एक अक्षर नव्हतं.

बिल्डरने लिफ्ट न बसवता, नळाला पाणी नसताना फ्लॅटचा ताबा दिला तर आपण गवंड्याच्या घरी जाऊन शिव्या घालतो का? बिल्डरच्या ऑफिसात जाऊन टेबल वाजवतो. इथेही तेच करायचं. तक्रारीत कंपनीचं नाव लिहा, तारीख जाहीर करणाऱ्या साहेबांचं नाव लिहा, परतावा नाकारणारी मेल जोडा. मी काल लिहिली, सहाव्यांदा. घोड्याचा व्हिडिओ, सेव्ह उडाल्याचा स्क्रीनशॉट, कंपाइलला लागलेल्या चाळीस मिनिटांची नोंद, सगळं जोडलंय. पुन्हा नियम दाखवला तर सातवी लिहीन. मला माझे पैसे परत हवेत.