'माणसांची कोंबडझुंज' या प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टरसाहेब, उत्तराला आठवडा लागला, सॉरी. पहिल्या दिवशी वाचलं तेव्हा राग आला होता, दोनदा टाइप करून खोडलं, मग म्हटलं डोकं थंड झाल्यावर लिहू. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मी पहिल्यांदाच एमएमएची (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारी लढत) फाइट नाइट प्रत्यक्ष जाऊन बघितली आणि त्यावर 'मजा आली' म्हणून पोस्ट टाकली, आणि डॉक्टरसाहेबांनी खाली लिहिलं की ही माणसांची कोंबडझुंज आहे, नियमबियम सगळे दाखवायला असतात, बाईमाणसाने तिकीट काढून रक्त बघायला जावं याचं नवल वाटतं, रेफरीने फाइट थांबवल्यावर मी त्याच्यावर ओरडले हे वर मीच कौतुकाने लिहिलंय, आणि लाइट, म्युझिक, गर्दी यावर चार पॅरा आहेत पण जो हरला त्याचं पुढे काय झालं यावर एक ओळ नाही.

बाईमाणसाचं आधी उरकते. त्या रात्री सगळ्यात डोकं लावून खेळलेली फाइट दोन बायकांची होती. झालं, पुढे.

कोंबडझुंज हा शब्द तुमच्या आधी अमेरिकेचे सिनेटर जॉन मॅकेन यांनी वापरलाय, आणि नुसता वापरला नाही, तर नव्वदच्या दशकात तिकडच्या सगळ्या ५० राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं पाठवली की हे बंद करा. (ते स्वतः बॉक्सिंगचे शौकीन, तरुणपणी नेव्हल अकॅडमीत बॉक्सिंग केलेले. असो.) आणि खरं सांगू का, तेव्हा त्यांचं फार काही चुकत नव्हतं. १२ नोव्हेंबर १९९३ ला डेन्व्हरमध्ये पहिली यूएफसी (एमएमएची आज सगळ्यात मोठी स्पर्धा) झाली तेव्हा वजनगट नव्हते, गुण देणारे जज नव्हते, चावायचं नाही आणि डोळ्यात बोटं घालायची नाहीत एवढं सोडलं तर जवळपास सगळं चालायचं. पहिल्याच फाइटमध्ये टेइला तुली हा सुमोवाला खाली पडलेला असताना जेरार्ड गोर्डोने त्याच्या तोंडावर लाथ घातली, दात उडाला, २६ सेकंदात विषय संपला. मी हा व्हिडिओ भाच्याच्या फोनवर बघितलाय आणि मला तो परत बघायचा नाहीये.

पण त्याच रात्री जिंकलं कोण, तर रॉईस ग्रेसी, त्यातल्या त्यात किरकोळ दिसणारा. तीन फाइट्स, एकही नॉकआउट नाही. समोरच्याला खाली घ्यायचं, चिकटायचं आणि हार मानायला लावायची. त्यातला एक तर बॉक्सर होता, एकाच हातात ग्लव्ह घालून आलेला, त्याने मार बसायच्या आधीच जमिनीवर थापट्या मारून विषय मिटवला.

माझा सगळा मुद्दा त्या थापटीत आहे. टॅप म्हणतात त्याला. पकडलेला माणूस समोरच्याच्या अंगावर किंवा मॅटवर हाताने दोन-तीनदा थापटतो आणि त्या क्षणी सगळं थांबतं, थांबावंच लागतं. हात अडकले असतील तर तोंडाने सांगितलं तरी चालतं. कोंबड्याला टॅप करता येत नाही हो डॉक्टरसाहेब. त्याला कोणी विचारलेलं नसतं, त्याच्या पायाला पातं बांधलेलं असतं आणि तो मरेपर्यंत थांबायचं नसतं. मी जी दहा-अकरा भांडणं बघितली (भाचा म्हणतो 'भांडणं' म्हणू नकोस, 'बाउट' म्हण) त्यातली तीन टॅपवर संपली. एकात तर आर्मबार लागला, कोपर उलटीकडे जायला लागलं, त्या मुलाने एकदाच थाप मारली आणि वरच्याने इतक्या पटकन सोडलं की आमच्या ओळीतल्या अर्ध्या लोकांना काय झालं तेच कळलं नाही. रेफरी अजून वाकतच होता. ज्याला हे पशुत्व वाटतं त्याने ती सोडण्याची घाई एकदा बघावी असं मला वाटतं, टीव्हीवर ती रिप्लेच्या गडबडीत निसटते.

नियम दाखवायला असतात म्हणालात. २०००-२००१ च्या सुमारास न्यू जर्सीत जे एकत्रित नियम बनले तेच आता थोड्याफार फरकाने बहुतेक ठिकाणी चालतात, ५ मिनिटांचे ३ राउंड, टायटलची फाइट असेल तर ५, डोक्याच्या मागे मारायचं नाही, खाली असलेल्याच्या डोक्याला लाथ किंवा गुडघा नाही, नाजूक जागी लागलं तर सावरायला ५ मिनिटांपर्यंत वेळ. एकाने पडता पडता केजची, म्हणजे ज्या पिंजऱ्यात लढतात त्याची, जाळी धरली तर रेफरी त्याच्या बोटांवर चापट्या मारत ओरडत होता, शाळेत बाई ओरडतात तसा. हसू आलं होतं मला. मॅकेनसाहेबांनीसुद्धा पुढे मान्य केलं की खेळात बरीच सुधारणा झालीये.

आता जिथे तुमचं बरोबर आहे ते. रक्त. म्हणजे रक्ताबद्दल नाही, उलटंच. मलाही जाताना रक्ताचीच भीती होती. कोपराने भुवई फाटली की इतकं रक्त येतं की वाटतं संपला माणूस, आणि राउंड संपल्यावरच्या एका मिनिटात कटमॅन (जखमा बंद करणारा माणूस) येतो, थंडगार धातूचा तुकडा दाबतो, औषधाचा बोळा धरतो, वर व्हॅसलीन थापतो आणि तो गडी परत उभा. तिसऱ्या फाइटपर्यंत मला रक्ताचं काही वाटेनासं झालं. (हे चांगलं की वाईट ते तुम्ही ठरवा.) मी घाबरले ती ज्या फाइटमध्ये रक्ताचा थेंब नव्हता तिथे. आवाजही फार नाही आला, नडगी मांडीवर बसते तेव्हा ओलं कापड दगडावर आपटल्यासारखा फटका वरच्या रांगेपर्यंत ऐकू येतो, तसं काही नाही, हनुवटीला एक छोटा हूक (बाजूने मारलेला ठोसा) लागला आणि त्याचे पाय त्याचे राहिले नाहीत. बसला तो. आणि मग दुसरा त्याच्यावर गेला आणि अजून दोन मारले रेफरी मध्ये पडेपर्यंत. बॉक्सिंगमध्ये पडलेल्याला मोजतात, इथे मोजणी नाही. लोक म्हणतात की तेच बरं, कारण तिकडे आठपर्यंत मोजून डोकं हललेल्या माणसाला परत मार खायला उभं करतात आणि इथे विषय तिथेच संपतो, आणि हे मला पटतंही, पण ते शेवटचे दोन ठोसे मला कुठल्याच युक्तिवादात बसवता येत नाहीत. भाच्याला विचारलं तर म्हणतो रेफरीने थांबवेपर्यंत थांबायचं नाही असंच शिकवतात. असेल. मेंदूचं काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

रेफरीवर ओरडले ते खरंय, आणि मी ते लिहिलंही मिरवल्यासारखंच. ती आधीची फाइट होती. आमच्या बाजूने केजचा खांब मध्ये यायचा, ते दोघं पलीकडच्या जाळीला लागलेले, मोठ्या स्क्रीनवर कोणाची तरी पाठ दिसत होती, आणि रेफरीने हात हलवून थांबवलं तर अख्खा हॉल ओरडला की एवढ्यात? मीपण ओरडले. मला काहीही दिसलं नव्हतं! शेजारचा उठला म्हणून मी उठले. घरी आल्यावर रेकॉर्डिंग बघितलं तर खालच्याचे हात केव्हाच पडलेले होते, तो डोकं झाकतसुद्धा नव्हता. रेफरी त्यांच्यापासून दोन हातांवर होता आणि मी पन्नास-साठ मीटरवर. एवढं सांगून या मुद्द्यावर मी गप्प बसते.

एक मात्र सांगू का, डॉक्टर असून तुमच्याकडून वजनाचा मुद्दा कसा राहिला याचं मला नवल वाटलं. आदल्या दिवशी वजन होतं, आपल्या वजनगटात बसायला त्याच्या आधी दोन-तीन दिवस ही मुलं पाणी तोडतात, सॉनात बसतात, गरम पाण्यात बसतात, किलोच्या किलो नुसतं पाणी अंगातून काढतात आणि मग चोवीस-तीस तासांत परत भरतात, आणि तशाच शरीराने दुसऱ्या दिवशी डोक्यावर मार घेतात. २०१५ च्या डिसेंबरमध्ये वन चॅम्पियनशिप या आशियातल्या एमएमए कंपनीच्या एका शोआधी वजन उतरवताना २१ वर्षांचा एक चिनी फायटर गेला. केजमध्ये पाऊलसुद्धा न टाकता. त्यानंतर त्यांनी शरीरातलं पाणी तपासायची चाचणी आणली, बाकी बहुतेक ठिकाणी अजून जुनंच चालू आहे. हे बंद करा असं कोणी पत्र लिहिणार असेल तर मी सही करते.

आता हरलेल्याचं.

तुम्ही म्हणालात एक ओळ नाही. ओळी होत्या, मी काढल्या. आमच्या सीटखालूनच फायटर लोकांची आत जायची वाट होती. जिंकलेला गेला तेव्हा सगळे कठड्यावर लोंबकळून हात पुढे करत होते, मीपण केला, लागला नाही. मग पुढच्या फाइटची जाहिरात सुरू झाली स्क्रीनवर आणि सगळे पाणी-बाथरूमला उठले, आणि तेव्हा तो आला, हूक लागलेला. बरोबर कोच आणि डॉक्टरची बॅग घेतलेला एक माणूस. अनवाणी होता, त्याच्या स्लिपर्स कोचच्या हातात होत्या. अंगावर कुठे ओरखडा नाही. त्याने कोचला विचारलं, "कितवा राउंड होता?" कोच म्हणाला, "पहिला." चार पावलं चालले असतील, त्याने परत विचारलं, त्याच आवाजात, जसं काही पहिल्यांदाच विचारतोय. कोचने परत तसंच सांगितलं, न चिडता, आणि त्याच्या दंडाला धरलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते वळून आत गेले होते, कोचचं उत्तर ऐकू नाही आलं.

मी तो पॅरा लिहिला होता आणि मग 'मजा आली' या टायटलखाली तो कसातरी दिसायला लागला म्हणून डिलीट केला, दुसरं काही कारण नाही. आज परत टाकतेय, रेफरीवाल्या भागाच्या खाली. टायटल बदलत नाहीये. भाचा पुढच्या वेळची तिकिटं काढतोय, मी हो म्हटलंय, फक्त खांबाच्या मागची सीट नको म्हणून सांगितलंय.