चौथ्या चौकटीचं ओझं

वेबकॉमिक, म्हणजे इंटरनेटवर हप्त्याहप्त्यानं येणारी चित्रकथा, काढायचं म्हणणाऱ्या सोलापूरच्या प्रत्येक पोरा-पोरीला मी आधी 'श्लॉक मर्सिनरी' हे इंग्रजी वेबकॉमिक वाचायला सांगतो. सगळं नाही, आणि पहिल्या पानापासून तर मुळीच नाही.

12 जून 2000 ला सुरू झालं, 24 जुलै 2020 ला संपलं. मधल्या वीस वर्षांत एका दिवसाचाही खाडा नाही, रविवारसुद्धा नाही. हॉवर्ड टेलर हा अमेरिकेतल्या युटाचा माणूस. आधी नॉव्हेल या सॉफ्टवेअर कंपनीतली नोकरी सांभाळून काढायचा, 2004 मध्ये नोकरी सोडून पूर्णवेळ यातच पडला. 7 हजार 300 च्या वर पट्ट्या, म्हणजे रोजचे काही चौकटींचे हप्ते, झाल्या. वाचकाला रोज फुकट, कमाई छापील पुस्तकं आणि इतर वस्तूंवर.

काळ एकतिसाव्या शतकाचा. कॅप्टन टॅगनची भाडोत्री सैनिकांची टोळी, आणि तिच्यात सार्जंट श्लॉक. हा श्लॉक म्हणजे हाडं नसलेला हिरवट लगदा. त्याची जात मुळात स्वतःची दुरुस्ती करणाऱ्या माहितीसाठ्यांपासून उत्क्रांत झालेली, म्हणून मेंदू एका जागी नाही, आठवणी अंगभर पसरलेल्या. गोळी आरपार गेली तरी गडी उभा. डोळे त्याच्या ग्रहावर झाडाला लागतात. गेले तर नवे तोडून बसवायचे. आता यात विनोद कुठला आणि विज्ञान कुठलं, सांगा बघू.

माझ्या मते या कॉमिकचं खरं बळ हिशेबात आहे. एकदा टाकलेली कल्पना टेलर विसरत नाही. सुरुवातीला ताऱ्या-ताऱ्यांमधला प्रवास मोठमोठ्या वर्मगेटमधून, म्हणजे अवकाशातल्या दोन दूरच्या जागा जोडणाऱ्या वर्महोलच्या दारांतून, होतो आणि ती गेट एकाच जमातीच्या ताब्यात असतात. मग टोळीतला केव्हिन टेरापोर्ट नावाचं यंत्र शोधून काढतो. जहाजाचे अतिसूक्ष्म तुकडे करायचे, असंख्य बारक्या वर्महोलमधून ओढायचे, पलीकडे पुन्हा जोडायचे. गेटची गरजच संपली. दुसऱ्या लेखकानं हे यंत्र नायकाच्या खिशात ठेवून दिलं असतं. इथं ते बनवायची कृती सगळ्यांना खुली होते, मक्तेदारी मोडते, युद्ध पेटतं. शत्रू थेट तुमच्या अंगणात उतरू शकतो म्हटल्यावर टेरापोर्ट अडवणारी यंत्रणा येते, आणि पुढची प्रत्येक लढाई ती धरूनच आखावी लागते. गेटवाले प्रवाशांच्या गुपचूप प्रती काढून माहिती उकळत होते, हेही बाहेर येतं. गॅव्ह नावाच्या एकाच माणसाच्या कोट्यवधी प्रती निघतात. आधी हसू येतं, मग एवढ्या लोकांनी राहायचं कुठं, हा प्रश्न पडतो.

सोलापूरकरांना हे लगेच कळेल: लांबची कथा हा मागावरचा ताणा, रोजचा विनोद हा आडवा बाणा. पण चौथ्या, म्हणजे पट्टीच्या शेवटच्या, चौकटीत हसवलंच पाहिजे, ही सक्तीच पुढं कॉमिकला भारी पडली.

रोज एक पट्टी वाचणाऱ्याला ते जाणवत नाही. सलग शंभर वाचा. कुणी मेलंय, कुणी रडतंय, आणि शेवटच्या चौकटीत कोटी आलीच. दुःखाला बसायला जागाच नाही. सगळी पात्रंही एकाच तऱ्हेनं चलाख बोलायला लागतात. संवादाच्या फुग्याचं शेपूट झाकलं तर कोण बोलतंय ते ओळखणं अवघड. कोट्यांचा मोठा भाग इंग्रजी शब्दखेळावर चालतो, तो आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यावरून जाणार. सुटला तर सुटू द्या.

मरणाचंही मोल उतरत गेलं. नुसतं डोकं बरणीत वाचवून नवं शरीर वाढवणं सुरुवातीला गमतीचं वाटतं. पण पुढं सूक्ष्मयंत्रं मेलेल्या सैनिकाला परत उभं करायला लागली की बंदुकीची भीती कुणाला? त्यात पीटी नावाची जहाजावरची कृत्रिम बुद्धी वाढत वाढत देवच होऊन बसते, शत्रू कृष्णद्रव्याचे, म्हणजे न दिसणाऱ्या डार्क मॅटरचे, बनलेले, लढाई आकाशगंगेच्या पातळीवर. पगार थकलेली, कंत्राटाला हपापलेली टोळी हीच खरी गंमत होती. शेवटच्या पुस्तकांत ती मागं पडते. शेवट नीट बांधलाय, पण मला मधली वर्षं जास्त आवडतात.

चित्रांबद्दल थोडक्यात: पहिली दोन वर्षं कच्ची आहेत. पार्श्वभूमी रिकामी, हातापायांचा ताळमेळ नाही. टेलरनंही छापील पुस्तकं काढताना सुरुवातीच्या गोष्टी मागं ठेवून 2006 मध्ये 'अंडर न्यू मॅनेजमेंट' आधी काढलं. तुम्हीही तिथूनच धरा. एका बैठकीत पंधरा-वीस पट्ट्या बास. रविवारच्या मोठ्या पट्ट्या मोबाईल आडवा धरून वाचा, नाहीतर तळटिपा दिसत नाहीत, आणि कितीदा खरा विनोद तिथंच असतो. मग वाटलं तर मागं जा.

काढणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. टेलरचा खाडा पडला नाही तो पुढच्या पट्ट्यांचा साठा आधीच तयार असायचा म्हणून. किमान महिनाभराच्या पट्ट्या हातात असल्याशिवाय पहिली टाकू नका. परीक्षा, ताप, गड्ड्याची जत्रा, काहीतरी मध्ये येतंच. दुसरं, इंग्रजी कॉमिकचा फुगा तसाच उचलू नका. तिथं सगळी अक्षरं कॅपिटल, एका उंचीची, म्हणून ओळी चिकटून बसतात. आपल्याकडं वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. ओळींमधलं अंतर वाढवलं नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. म्हणून मजकूर आधी लिहा, फुगा त्याच्याभोवती काढा, उरलेल्या जागेत चित्र बसवा. बहुतेक जण उलटं करतात आणि शेवटी अक्षरं बारीक करत बसतात.