थ्री-एक्सएलचे दीडशे रुपये

नवरात्राच्या रंगांची यादी व्हॉट्सॲपवर येऊन पडली की आमच्या लेडीज डब्यात आठवडाभर दुसरा विषय नसतो. माझ्या कपाटात काळे, निळे, करडे कुर्ते ढीगभर. नव्हते ते पिवळा, नारिंगी आणि मोरपंखी. म्हटलं रविवारी दादरला जाऊन तिन्ही घेऊन टाकू, नऊ दिवसांची कटकट मिटेल.

दुकान पश्चिमेला, स्टेशनपासून पाच मिनिटांवर. नाव सांगत नाही, कारण तसली पन्नास दुकानं त्याच रस्त्यावर आहेत आणि पन्नासही ठिकाणी हेच घडलं असतं. भाची बरोबर होती. तिने रॅकवरून पिवळाधमक कुर्ता काढला, एल साइज, ८९९ रुपये. मी तोच थ्री-एक्सएलमध्ये मागितला. आतून शोधून आणून दिला. १०४९. तोच छाप, तोच गळा, बटणंसुद्धा मोजली, तितकीच.

"ताई, मोठ्या साइजला कापड जास्त लागतं ना," सेल्सगर्ल म्हणाली. आवाज असा, की ट्रायल रूमच्या रांगेतल्या चारही बायकांना कळावं कोणाला जास्त लागतं ते.

"बरं. आणि हा एस केवढ्याला?"

"८९९."

"याला कमी लागलं असेल ना कापड? मग ७४९ का नाही?"

ती हसली आणि शेठकडे बघितलं. भाची माझा दंड ओढायला लागली, "मावशी, चल ना." मी हलले नाही. भांडायला नव्हते उभी, मला खरंच हिशेब समजून घ्यायचा होता. कारण कापडाचा हिशेब मला थोडाफार कळतो.

माझी मावशी काळाचौकीच्या चाळीत शिवणकाम करायची. दहा बाय बाराच्या खोलीत पाय-मशीन, आणि कापड बेतायला पलंग. शाळेतून आले की मी तिच्या हाताखाली काज-बटणाला. तिच्याकडे मी एकच गोष्ट नीट शिकले, ती म्हणजे पन्हा, कापडाची रुंदी. सुती कापडाचा पन्हा साधारण ४४ इंच. छत्तीस छातीच्या बाईचा सरळ कुर्ता शिवायचा तर ढिलाई धरून घेर चाळीस, म्हणजे पुढचा भाग वीस इंच, मागचा वीस. दोन्हींत दोन-दोन इंच माया, म्हणजे शिवणीसाठी सोडायचं जास्तीचं कापड, धरली की बावीस आणि बावीस, चव्वेचाळीस. पन्ह्यात शेजारी शेजारी फिट्ट. वर बाह्यांपुरतं कापड घेतलं की पावणेदोन मीटरमध्ये काम झालं. आता माझी छाती ४६. ढिलाई धरून पन्नास, मायेसकट एकेक भाग सत्तावीस इंच, दोन मिळून चोपन्न. पन्ह्यात शेजारी बसत नाहीत, एकाखाली एक घ्यावे लागतात. बाह्या बाजूच्या पट्टीत निघतात, तरी सव्वादोन-अडीच मीटर लागतंच. मी कॉलेजात असताना एकदा यावरून रडले होते, तेव्हा मावशी तोंडातल्या टाचण्या काढून म्हणाली होती, "तू जाड नाहीस गं, कापडाचा पन्हा अरुंद आहे."

तेव्हा कापड जास्त लागतं हे खोटं नाही. पाऊण मीटर जास्त धरा, साधं सुती कापड किरकोळीत १२० रुपये मीटर धरा, झाले ९० रुपये. आणि हा हिशेब एकच कुर्ता शिवणाऱ्या बाईचा, गल्लीतल्या दुकानातून कापड आणणाऱ्या बाईचा. कारखान्याला कापड त्या भावाने पडत नाही. तिथे पन्हा बहुतेक वेळा ५८ इंची, ज्यात माझे दोन्ही भाग शेजारी शेजारी मावतात. शिवाय कटिंग मास्टर एकट्या थ्री-एक्सएलचं कापड कापत बसत नाही. थरावर थर टाकून, सगळी मापं एकाच आखणीत बसवून, मोठ्या भागांच्या मधल्या खाचाखोचांत छोट्यांच्या बाह्या नि पट्ट्या घुसवून एकदम कापतात. शिलाई, इस्त्री, बटणं, पिशवी, टेम्पो, दुकानाचं भाडं, एसी, यातलं काहीही माझ्या कमरेनुसार वाढत नाही.

दुसरा खर्च मात्र खरा आहे आणि तो दुकानात कोणी सांगत नाही. एम मापाचा खाका, म्हणजे कापड बेतायचा कागदी नमुना, घेऊन त्यात ठरावीक इंच वाढवत एल, एक्सएल करता येतात. पण पुढे तसं वाढवत गेलं तर खांदे दंडावर घसरतात आणि मुंढा (बाही जोडतात ती जागा) तरी काचतोच, कारण माणूस सगळीकडून सारख्या प्रमाणात वाढत नाही. मोठ्या मापांना खाका नव्याने काढावा लागतो, अंगावर घालून तपासावा लागतो, आणि तो खर्च थोड्याच नगांवर पडतो. कबूल. पण मग हा खाका खरंच नव्याने काढलाय का, हे बघायला कुर्ता अंगात घातला. खांदे दंडावर.

शेठ माणूस चांगला होता. गिऱ्हाइकी कमी झाल्यावर स्टूल पुढे केलं आणि सांगितलं, "मॅडम, मला माल सेटमध्ये येतो. एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल घ्यायचेच, एस पण गळ्यात मारतात. थ्री-एक्सएल वेगळा मागवायचा, त्याचा भाव कंपनीच जास्त लावते. आणि खरं सांगू, थ्री-एक्सएल पहिला संपतो. एस शेवटी सेलला काढतो, अर्ध्या किमतीत." मी त्याच्याकडे बघत राहिले. म्हणजे ज्याला गिऱ्हाईक उभं आहे तो महाग, आणि ज्याला कोणी घेत नाही त्याचा तोटा तेवढा माझ्या माथ्यावर.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. ब्रिटनमध्ये मार्क्स अँड स्पेन्सर डीडी आणि पुढच्या मापाच्या ब्राला २ पौंड जास्त घ्यायची. बायकांनी त्यावरून मोहीम उघडली, तीही फेसबुकवर, आणि २००९ मध्ये कंपनीला जाहिरात देऊन चूक कबूल करावी लागली, जादा पैसे बंद झाले. अमेरिकेत २०१४ साली ओल्ड नेव्ही या कपड्यांच्या कंपनीवर ओरड झाली. बायकांच्या मोठ्या मापाच्या काही जीन्स नेहमीच्या मापापेक्षा १२ ते १५ डॉलरने महाग, पण पुरुषांच्या मोठ्या जीन्सला तोच भाव. कापड तिथेही जास्त लागत असणारच की. घरी येऊन नवऱ्याचं कपाट उघडलं. त्याचे शर्ट ४४ चे, त्याच्या धाकट्या भावाचे त्याच कंपनीचे ३८ चे, किंमत रुपयाने वेगळी नाही. पोट सुटलेल्या पुरुषाला पिवळा शर्ट मागितला म्हणून आतून शोधून आणावा लागत नाही, हे आणखी वेगळं.

ओल्ड नेव्हीची पुढची गोष्टही सांगते, कारण ती माझ्या विरुद्ध जाते. २०२१ मध्ये त्यांनी सगळ्या मापांना एकच भाव केला, सगळी मापं दुकानात मांडली. वर्षभरात गणित फसलं. मधली मापं संपली, टोकाची पडून राहिली, आणि कित्येक दुकानांतून मोठी मापं पुन्हा आवरती घेतली. माल किती उचलायचा ही दुकानदाराची डोकेदुखी खरी आहे, हे मला मान्य आहे. पण ती डोकेदुखी माझ्या एकटीच्या बिलात का, एवढंच विचारते आहे.

कारण मापाप्रमाणे भाव लावायची प्रामाणिक पद्धत आपल्याकडे पूर्वीपासून आहे. शाळेच्या गणवेशाच्या दुकानात जून महिन्यात उभे राहा. २२ नंबरचा शर्ट एवढ्याला, २४ चा त्याहून थोडा जास्त, २६ चा आणखी थोडा. पुरुषांचे बनियन बघा, ८० सेंटीमीटरचा भाव वेगळा, ८५ चा वेगळा, ९० चा वेगळा, पाकिटावर छापलेला. नऊवारी सहावारीपेक्षा महाग असते, माझ्या आजीने त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही, कारण तीन वार जास्त कापड तिच्या डोळ्यांदेखत मोजून मिळायचं. तिथे बारक्याला स्वस्त आणि मोठ्याला महाग, पायरी पायरीने. मला तसा भाव लावा, मी निमूट देईन. किंवा मग सगळ्यांना एकच भाव लावा. पण एसपासून डबल एक्सएलपर्यंत "आम्ही सगळे एक" आणि त्याच्यापुढे एकदम कापडाची आठवण, हा भाव नाही, दंड आहे.

दंड म्हणते तो उगीच नाही. मी एका दुकानात थ्री-एक्सएल आहे. समोरच्या दुकानात एक्सएल. ऑनलाइन एका ठिकाणी डबल एक्सएल, आणि ढगळ होतो. अंग तेच, कापड तितकंच लागणार, मग दीडशे रुपये कशाचे? लेबलवरच्या अक्षराचे. आपल्याकडे मापांचं ठरलेलं असं काही नव्हतंच, इंग्लंड-अमेरिकेचे तक्ते उचलून ज्याने त्याने आपापले वाढवले-घटवले. 'निफ्ट' या सरकारी फॅशन संस्थेने इंडियासाइज नावाने भारतीय लोकांची थ्री-डी स्कॅनरने मापं घ्यायचं काम हाती घेतलं, १५ ते ६५ वयाची २५ हजार माणसं, ठरवलेल्या शहरांत मुंबईही. दादरच्या रॅकपर्यंत ते कधी पोचतंय ते बघू.

सरकारनेही यात नकळत हात धुऊन घेतले. पूर्वी तयार कपड्याच्या एका नगाची किंमत १००० रुपयांपर्यंत असली तर ५ टक्के जीएसटी, वर गेली तर १२. म्हणजे एलची मूळ किंमत ९५० आणि मोठ्या मापाची १०५० केली, की शंभराचा फरक बिलावर येईपर्यंत १८० च्या घरात. २०२५ च्या घटस्थापनेलाच, २२ सप्टेंबरला, ही रेघ २५०० वर गेली. रोजचे कुर्ते सुटले. पण लग्नाकार्याचं घ्यायला जा. २४५० च्या ड्रेसवर ५ टक्के, आणि तोच मोठ्या मापात २६०० चा केला की १८ टक्के. दीडशेचे जवळजवळ पाचशे होतात. भाचीच्या साखरपुड्याला मी साडीच नेसणार आहे. साडीला साइज विचारत नाहीत. (ब्लाउजला मात्र टेलर म्हणतोच, "ऐंशी सेंटिमीटरमध्ये नाही होणार, मीटर आणा." ऐंशी सेंटिमीटर कोणाचं माप धरून ठरवलं, देव जाणे.)

रंगांचं तर बोलायलाच नको. त्या दुकानात मोठ्या मापाचा वेगळा रॅक होता, जिन्याखाली. काळा, नेव्ही ब्ल्यू, मरून, बाटली हिरवा, पुन्हा काळा. तो पिवळा एकच नग होता, म्हणून आतून काढावा लागला. नारिंगी एक्सएलच्या पुढे येतच नाही म्हणाले. जाड बाईने देवीसमोर जातानासुद्धा बारीक दिसलं पाहिजे असा कंपन्यांचा आग्रह दिसतो.

पिवळा मी घेतला नाही. खांदे उतरलेला कुर्ता, वर दीडशे रुपये देऊन? तिथून टॅक्सीने हिंदमाताच्या कापडबाजारात गेले, पिवळं आणि नारिंगी सुती कापड घेतलं, अडीच-अडीच मीटर. आमच्या स्टेशनबाहेरच्या मास्टरकडे टाकलं. शिलाई किती विचारलं तर सगळ्यांना साडेतीनशे. म्हटलं, मोठ्या साइजचे जास्त नाहीत? तो टेपने खांदा मोजत होता, वर न बघता म्हणाला, "धागा किती जाणार जास्त? माया किती ठेवू ते सांगा."

दीड इंच सांगितलं. कापड आणि शिलाई मिळून एक कुर्ता साडेसहाशेला पडला, म्हणजे भाचीच्या एलपेक्षा स्वस्त, आणि खांदे जागेवर.

मोरपंखी राहिलाय. हिंदमाताला दाखवला तो निळाच होता, विकणारा मोरपंखी म्हणत होता तेवढंच. कोणाला दादर, लालबाग, परळ भागात खरा मोरपंखी दिसला, कापड किंवा तयार थ्री-एक्सएल काहीही, तर दुकानाचं नाव नको, नुसती गल्ली सांगा. भावाचं मी बघते.