अप्पांनी जन्मात बिडी ओढली नाही

आज परत तेच. अप्पा खुर्चीत टेकायच्या आधीच डॉक्टरांचा प्रश्न, "बिडी किती वर्षं ओढली?" अप्पा नुसते हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. माळकरी माणूस आहे हो! सुपारीचं खांड तोंडात टाकत नाही. हा चौथा डॉक्टर, आणि चौघांपैकी एकानंही विचारलं नाही की काम कुठं केलं.

बेळगावच्या उद्यमबागेत. फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात. सव्वीस वर्षं. आधी मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे करायला, मग फेटलिंगला, म्हणजे ओतून काढलेल्या कास्टिंगला चिकटलेली वाळू ग्राइंडर मारून काढायची. तोंडाला टॉवेल. मास्क त्यांनी करोनात पहिल्यांदा बघितला.

संध्याकाळी सायकलवरून पिरनवाडीला आले की आई दारातच शर्ट काढून घ्यायची, बादलीत भिजत टाकायची. सकाळी पाणी ओतलं की तळाला काळी रेती. आम्ही पोरं तिच्यात बोटानं रेघोट्या मारायचो. आई म्हणायची, "घ्या, फौंड्री घरी आली."

आता कळतंय, बादलीत आली ती बिचारी जाड होती. घात केला तो वाळूतल्या सिलिकाच्या न दिसणाऱ्या धुळीनं. केसाच्या दहाव्या हिश्श्याहून बारीक, थेट फुप्फुसाच्या तळाला. शरीरातल्या पेशी तिला गिळायला जातात आणि स्वतःच मरतात, तिथं व्रण धरतो, फुप्फुस घट्ट होत जातं. सिलिकोसिस. दहा-वीस वर्षं पत्ता लागू देत नाही, काम सोडलं तरी वाढतो, बरा करणारं औषध नाही.

पण एक्स-रेत डाग दिसले की आपल्याकडं टीबी! अप्पांना दोनदा कोर्स दिला, थुंकीत काही न सापडता. सिलिकोसिसवाल्याला टीबी लवकर जडतो, मान्य. म्हणून विचारायचंच नाही? आज मी बादलीचं सांगायला लागलो तर डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट दाखवा."

१९४८ च्या फॅक्टरी कायद्यापासूनच हा रोग सरकारला कळवायलाच पाहिजे असं आहे. कळवणार कोण? रुग्णाला धंदा विचारा, हे इटलीतले डॉक्टर रामाझ्झिनी १७०० साली सांगून गेले. आमचा केसपेपर नाव, वय, पत्ता यापुढं सरकत नाही. तो कन्नडात की मराठीत यावर आपण डोकी फोडू, त्यात कामाचा रकानाच नाही हे कुणाच्या गावी नाही.

हो, त्याच फौंड्रीनं जेवू घातलं. माझ्या डिप्लोमाची फी तिथल्या ओव्हरटाइमची. अप्पा तर अजून मालकाबद्दल वावगा शब्द ऐकून घेत नाहीत. मग मी कुणावर ओरडू?

येळ्ळूरचा गड मला खांद्यावर घेऊन चढलेला माणूस आज दवाखान्याच्या जिन्यात दोनदा थांबला. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा भिंतीवरचं पोस्टर वाचत असल्याचं नाटक केलं. मीही वाचलं. कन्नडात होतं, दोघांनाही धड येत नाही.

घरी आलो. आईनं विचारलं, काय म्हणाले?

"बिडी सोडा म्हणाले."

आई हसली, अप्पा हसले, आणि हसता हसता ठसका लागला. तो अजून थांबलेला नाही. मी बाहेरच्या खोलीत बसून हे टाइप करतोय.