माप त्यांचं, डेटा तुमचा

31 मार्चला जगात 'वर्ल्ड बॅकअप डे' पाळतात. (बॅकअप म्हणजे डेटाची जपून ठेवलेली दुसरी प्रत.) 2011 पासूनची प्रथा. एप्रिल फूलच्या आदल्या दिवशी तरी शहाणे व्हा, असा त्यामागचा हेतू. ज्यांनी ही तारीख निवडली, त्या भल्या माणसांना आपल्याकडचा 31 मार्च ठाऊक नसणार. भोसरी-चाकणच्या कुठल्याही कंपनीत त्या दिवशी अकाउंट्सवाले रात्री अकरापर्यंत बसलेले असतात, परचेसवाला फोन उचलत नाही, आणि आयटीवाल्याला मात्र सकाळपासून बॅकअपचं सॉफ्टवेअर विकणाऱ्याचा एकच फोन येत असतो : "सर, क्वार्टर क्लोजिंग आहे. पीओ आज निघाला तर हा रेट. उद्या माझ्या हातात काही नाही." (पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर.)

तुम्ही नुकतेच आयटी मॅनेजर झाला असाल, आणि एमडी साहेबांनी गाडीत बसता बसता "ते बॅकअपचं तेवढं बघून घ्या" असं सांगितलं असेल, तर घाबरू नका. मी या मांडवाखालून चारदा गेलो आहे. माझं ऐका, वेळ वाचेल. पैसे नाही वाचणार.

पहिलं म्हणजे किंमत शोधायचा नाद सोडा. कंपनीच्या साइटवर ढाल असते, कुलूप असतं, लॅपटॉपकडे बघून विनाकारण हसणारी माणसं असतात. किंमत नसते. तिच्या जागी 'कोटेशन मागवा' असं बटण असतं. ते दाबलं की फॉर्म उघडतो : उलाढाल किती, कर्मचारी किती, बजेट मंजूर आहे का, सही कोणाची लागते. चांगला दुकानदार गिऱ्हाइकाच्या चपला बघून भाव सांगतो म्हणतात. इथे चपला तुम्हीच काढून, नंबरासकट, काउंटरवर ठेवायच्या असतात. ठेवा. बजेटच्या रकान्यात खरा आकडा भरा. कोटेशन त्याच्या जरा वर येईल, मग प्री-सेल्सवाला 'वरच्यांशी बोलून' ते बरोबर तुमच्या आकड्यावर आणून बसवेल. त्याने तुमच्यासाठी किती केलं, या भावनेने तुम्हाला भरून येईल. येऊ द्या.

आता मापाकडे वळू. खरी कारागिरी तिथे आहे.

कापड मीटरने, दूध लिटरने, सोनं तोळ्याने. बॅकअप कशाने मोजायचा? माझ्या चार खरेद्यांचं सार सांगतो : तुमच्याकडे त्या वर्षी जे वाढत असेल, त्याने.

एके काळी सर्व्हरवर एजंट, म्हणजे बॅकअप घेणारा छोटा प्रोग्रॅम, टाकायचा आणि एजंटमागे लायसन्स घ्यायचं. वीस सर्व्हर, वीस एजंट. डेटाबेसचा एजंट वेगळा, मेलचा वेगळा, पण बोटांवर मोजता येईल असा हिशेब होता. म्हणूनच तो टिकला नाही. व्हर्च्युअलायझेशन आलं, म्हणजे एकाच यंत्रात अनेक सर्व्हर चालवायची सोय झाली, वीस सर्व्हर दोन खोक्यांत मावले, तेव्हा प्रोसेसरचे सॉकेट, म्हणजे चिप बसवायच्या जागा, मोजायची पद्धत आली. दोन खोकी, चार सॉकेट. गिऱ्हाईक खुश. मग चिप बनवणाऱ्यांनी घात केला. एकाच सॉकेटात आठ कोअर (चिपमधले काम करणारे मेंदू), मग सोळा, बत्तीस, चौसष्ट. गिऱ्हाईक चार सॉकेटांच्या पैशांत अख्खी कंपनी चालवायला लागलं. हे कोणाला बघवेल?

मायक्रोसॉफ्टला बघवलं नाही. विंडोज सर्व्हर 2016 पासून त्यांनी कोअर मोजायला घेतले, आणि सर्व्हरमागे कमीत कमी 16 कोअरचे पैसे लावले, आत आठच का असेनात. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर 2023 मध्ये व्हर्च्युअलायझेशनचं सॉफ्टवेअर विकणारी व्हीएमवेअर ताब्यात घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद केलं. तिथेही प्रोसेसरमागे किमान 16 कोअर धरतात. आयबीएम मात्र या सगळ्यांची आजी. तिच्याकडे पीव्हीयू नावाचं एकक आहे, 'प्रोसेसर व्हॅल्यू युनिट'. तक्ता उघडायचा आणि बघायचं : या चिपच्या एका कोअरला 50, त्या चिपच्या 70, पलीकडच्या मोठ्या यंत्रातल्या 100 किंवा 120. त्यांचं बॅकअपचं टिवोली स्टोरेज मॅनेजर या मापाने विकलं जायचं. (पुढे त्याचं नाव स्पेक्ट्रम प्रोटेक्ट झालं, नंतर स्टोरेज प्रोटेक्ट. नाव बदलायला लायसन्स लागत नाही.) म्हणजे डेटा तोच, फायली त्याच, फक्त तुम्ही जुनं यंत्र काढून वेगवान यंत्र आणलंत, तर त्याच फायलींचा बॅकअप महाग. धान्य तेवढंच, पण बैलगाडी सोडून ट्रक घेतला म्हणून मापाड्याने जादा हमाली लावावी, तसं. तुम्ही कुरकुर करू नका. प्रगतीला किंमत असते.

हल्ली टेराबाइटवर (टीबी, म्हणजे सुमारे हजार जीबी) आलेत. यात सगळ्यात गोड भाग 'फ्रंट-एंड टीबी' हा आहे. तो नीट समजून घ्या, म्हणजे मीटिंगमध्ये मान डोलवता येईल.

डेमोच्या दिवशी विक्रेता पडद्यावर चमत्कार दाखवतो. डीड्युप्लिकेशन! तुमची एकच फाइल चाळीस जणांच्या फोल्डरमध्ये पडलेली असते, ती आम्ही एकदाच ठेवतो. तुमचा 40 टीबी डेटा आमच्याकडे 4 टीबीत बसतो. साहेब थक्क होतात, चहा सांगतात. आठवड्याने कोटेशन येतं ते 40 टीबीचं. विचारलंत की कळतं, लायसन्स फ्रंट-एंडवर असतं, म्हणजे दाबण्याआधीच्या फुगीर डेटावर. दाबल्यानंतरचे 4 टीबी हे त्यांचं कौशल्य, आणि आधीचे 40 टीबी हे तुमचं कर्म.

हेच लोक टेपकडे, म्हणजे बॅकअप साठवायच्या चुंबकीय फितीकडे, वळले की माप उलटं फिरतं. एलटीओ-9 च्या टेपवर 45 टीबी असा ठसठशीत आकडा असतो. प्रत्यक्षात तिच्यात 18 टीबी मावतात. 45 हा आकडा डेटा अडीचपट दाबला जाईल असं धरून काढलेला. तर लक्षात ठेवा : डबा विकताना माल दाबून मोजायचा, डब्यात भरायचे पैसे घेताना माल मोकळा करून मोजायचा. मंडईत असं केलं तर वजनमापवाले येतात. इथे पार्टनर अवॉर्ड मिळतं.

मग डेटा कमी करावा का? चुकूनही करू नका. आमच्या सर्व्हरवर मार्केटिंगचे दीड टीबी व्हिडिओ आहेत. त्यातले निम्मे एका डीलर मीटमधल्या लेझीमचे, तीन कॅमेऱ्यांतून घेतलेले. लायसन्समध्ये ते ईआरपीच्या, म्हणजे कंपनीचा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, बरोबरीने मोजले जातात. दरवर्षी मी विचारतो, काढू का? दरवर्षी उत्तर येतं, "राहू दे, कधी लागलं तर." लेझीम खेळणाऱ्यांपैकी दोघे निवृत्त झाले. लेझीम चालू आहे, रिन्यूअलसकट.

सवलतीबद्दल फार बोलत नाही. 70 टक्के सूट मिळेल. कशावर, असं विचारणं शिष्टाचारात बसत नाही. वर 18 टक्के जीएसटी आहेच, त्यावर सूट नाही.

सूट पहिल्या खेपेला असते हे मात्र ध्यानात असू द्या. नव्या सुनेला पहिल्या दिवाळीला पैठणी असते, दुसऱ्या दिवाळीला भांडी. तीन वर्षांनी रिन्यूअलचं पत्र येईल, तेव्हा आकड्यांकडे न बघता आधी खुर्चीत बसा. 'दुसरीकडे जाईन' अशी धमकी द्यायचा मोह होईल. जरूर द्या, समोरचा नम्रपणे ऐकून घेईल. त्याला माहीत असतं की तुमचे जुने बॅकअप त्याच्या सॉफ्टवेअरच्या बांधणीत आहेत, ते दुसऱ्याला वाचता येत नाहीत. आणि कंपनी कायद्याच्या कलम 128 प्रमाणे हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपायची असतात. म्हणजे नवं सॉफ्टवेअर घेतलंत तरी जुनं वाचायला जुनं ठेवा. दोन संसार. बॅकअप घेतच नाही म्हणाल, तर तीही वाट बंद : ऑगस्ट 2022 च्या दुरुस्तीपासून संगणकावरच्या हिशेबांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवावा लागतो. आधी नियमात 'ठरावीक काळाने' होतं, ते 'रोज' झालं. सरकारने रोजचा रतीब लावून दिला, दुधाचा भाव गवळ्यावर सोपवला.

शिवाय गवळीही बदलतो. व्हेरिटास ही बॅकअपवाली कंपनी घ्या. 2005 मध्ये ती सिमँटेकच्या पोटात गेली, 2016 मध्ये कार्लाइल या गुंतवणूक कंपनीने विकत घेतली, आणि डिसेंबर 2024 मध्ये तिचा नेटबॅकअप या सॉफ्टवेअरचा धंदा कोहेसिटी कंपनीत मिसळला. तुमच्या टेपा कपाटात जिथल्या तिथे, मालक मात्र तिसरा. अशा प्रत्येक बारशानंतर कुठल्याही कंपनीचा नवा प्रतिनिधी तुम्हाला भेटायला येतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "सर, आपल्याकडे सध्या किती टीबी आहे?"

क्लाउडवर टाका असंही कोणी सुचवेल. ॲमेझॉनच्या ग्लेशियर डीप आर्काइव्हचा, म्हणजे क्वचित लागणाऱ्या डेटाच्या गोदामाचा, दर अमेरिकेत टीबीमागे महिन्याला जेमतेम एक डॉलर आहे. एवढंच वाक्य साहेबांच्या स्लाइडवर घाला. खाली बारीक अक्षरांत असतं की डेटा लवकर काढलात तरी 180 दिवसांचे पैसे भरायचे, परत मागवलात तर त्याचे वेगळे, ढगातून खाली उतरवलात तर जीबीमागे आणखी वेगळे, आणि नेहमीच्या पद्धतीने मागवलेला डेटा हातात यायला बारा तासांपर्यंत वेळ. स्वस्तातल्या पद्धतीने 48. तेवढ्यात माणूस गणपतीला कोकणात जाऊन, आरती करून परत येतो. पण सर्व्हर जळेपर्यंत हे कोणाला कळणार आहे?

एक गोष्ट साहेबांपासून लपवून ठेवा : बॅकअपचं सॉफ्टवेअर फुकटही मिळतं. बॅक्युलाची सुरुवात 2000 सालची. अमांडा त्याहून जुनं, मेरीलँड विद्यापीठातलं. बोर्ग आहे, रेस्टिक आहे, 2020 मध्ये प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर आला. मी हे एकदा मीटिंगमध्ये बोलून गेलो. साहेबांनी विचारलं, "बिघडलं तर कोण बघणार?" मी म्हटलं, मी. खोली शांत झाली. विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये बिघाड झाला तर तिकीट (म्हणजे तक्रार) उघडता येतं, तिकिटाला नंबर असतो, नंबर मेलमध्ये टाकता येतो, मेलमध्ये सगळ्यांना सीसी ठेवता येतं. माझ्या एका माणसाच्या पगारात ही सोय नाही. तो माणूस लायसन्सच्या निम्म्या किमतीत मिळाला असता, हे वाक्य मी गिळलं. तुम्हीही गिळा.

राहता राहिला रिस्टोअर, म्हणजे घेतलेला बॅकअप परत मिळणं. कोटेशनमध्ये याची ओळ नसते, म्हणून तुम्हीही फार मनावर घेऊ नका. प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅबवाल्यांनीही घेतलं नव्हतं. 31 जानेवारी 2017 ला त्यांच्याकडे चुकून चालू डेटाबेस पुसला गेला, आणि मग त्यांनी स्वतःच जाहीर केलं की पाच प्रकारच्या तजविजींपैकी एकही धड चालत नव्हती. सहा तास आधीची एक प्रत सापडली, तिच्यावर निभावलं. दक्षिण कोरियाच्या सरकारने तर टोक गाठलं. सप्टेंबर 2025 मध्ये देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि सरकारी नोकरांचा सामायिक जी-ड्राइव्ह गेला. 858 टीबी. बॅकअप नव्हता. कारण काय दिलं? आकार फार मोठा होता.

जहाजवाहतुकीतल्या मर्स्क कंपनीची गोष्ट मात्र आपल्या काळजाला भिडणारी. जून 2017 मध्ये नॉटपेट्या नावाच्या सायबर हल्ल्याने त्यांचं जगभरचं जाळं पाडलं. आपल्या न्हावा शेव्यातलं त्यांचं टर्मिनलही त्यात अडकलं. अख्ख्या कंपनीची लॉगिनची व्यवस्था सांभाळणारे सर्व्हर एकमेकांची नक्कल ठेवायचे, त्यामुळे सगळे एकदमच गेले. एक वाचला, घानातला. का? तिथे तेव्हा वीज गेली होती. माझ्या माहितीतला लायसन्सशिवायचा सर्वांत यशस्वी बॅकअप हा. ज्या महाराष्ट्राने वर्षानुवर्षं लोडशेडिंग सोसलं, त्याने याचं पेटंट घ्यायला हवं होतं.

आमच्याकडे वीज गेली नाही, म्हणून आम्ही अडकलो. गेल्या पावसाळ्यात कॉस्टिंगचा फोल्डर उडाला. मी ऐटीत बॅकअपचा कन्सोल उघडला. तीन आठवड्यांपासून तिथे पिवळी पट्टी होती : क्षमतेची मर्यादा ओलांडली, काही फोल्डर वगळले आहेत. लेझीम मात्र सुखरूप होतं, ते यादीत वरच्या क्रमांकावर आहे. तिकीट उघडलं, नंबर मिळाला, सगळ्यांना सीसी ठेवलं.

संध्याकाळी अकाउंट्समधल्या काकू हळदीकुंकवाचं बोट लागलेला एक पेनड्राइव्ह घेऊन आल्या. रोज घरी निघताना त्या टॅली आणि कॉस्टिंग त्यावर उतरवून घेतात आणि कॅशबॉक्समध्ये अंबाबाईच्या फोटोखाली ठेवतात. कोणी सांगितलेलं नाही. सासऱ्यांच्या दुकानातली सवय. फोल्डर परत यायला चार मिनिटं लागली.

हा किस्सा मी यंदाच्या मार्चमध्ये रिन्यूअलला आलेल्या मुलाला ऐकवला. थोडा टोमणा म्हणूनच. त्याने मनापासून ऐकलं, वही काढली, पेनाचं टोपण उघडलं.

"पेनड्राइव्ह किती जीबीचा आहे, सर? तो पण आपल्याला फ्रंट-एंडला धरावा लागेल."

मी 64 सांगितलं. पीओ रात्री पावणेबाराला निघाला.