हजेरी बुडवून उत्तरं देणाऱ्या बायकांसाठी

काल आमच्या सर्वेक्षणाच्या पुढच्या राउंडचं बजेट हातात आलं. टॅब आहेत, गाड्या आहेत, ट्रेनिंगसाठी हॉटेल आहे. माहिती देणाऱ्यांसाठी घरटी एक स्टीलचा डबा, तोही मुलाखत पूर्ण झाल्यावर. तेव्हापासून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय.

नऊ वर्षं मी बीड जिल्ह्यात, धारूर-वडवणी भागात तीच घरं फिरतेय. आज भेटलेल्या बाईला दोन वर्षांनी पुन्हा शोधायचं, मग आणखी दोन वर्षांनी. ती नाही सापडली म्हणून शेजारणीला विचारून चालत नाही. इथली माणसं दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, पार कोल्हापूर, कर्नाटकापर्यंत. हिवाळ्यात गेलं की दाराला कुलूप, नाहीतर घर राखायला एखादी आजी. आपल्या हातून निसटतात ती याच कोयत्यांची, म्हणजे ऊसतोड जोडप्यांची घरं. मग उरलेल्यांचे आकडे बघून कुणीतरी लिहितो, परिस्थिती सुधारली.

भारत मानव विकास सर्वेक्षणाने २००४-०५ मधल्या ४१,५५४ कुटुंबांपैकी सुमारे ८३ टक्के कुटुंबं २०११-१२ मध्ये पुन्हा गाठली. सात वर्षांनी! त्यामागची पायपीट हे काम केलेल्यालाच कळेल.

मागच्या राउंडला एका मावशींची मुलाखत दीड तास चालली. कापूस वेचणीचे दिवस. शेवटी त्या म्हणाल्या, "ताई, तुमच्या फारमात माझी अर्धी हजरी गेली बघा." तक्रारीचा सूर नव्हता, नुसता बुडालेल्या मजुरीचा हिशोब. उत्तर मात्र एकही टाळलं नव्हतं, गर्भपिशवीच्या ऑपरेशनचंसुद्धा. मी डबा पुढे केला तेव्हा मला लाज वाटली.

पैसे द्यायचं म्हटलं की ऑफिसात लगेच "लालूच" हा शब्द येतो. ही काळजी खोटी नाही. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात की, मोबदल्याच्या मोहाने कुणी नको तिथे हो म्हणू नये. पण प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी भरून द्यायला तीच तत्त्वं परवानगी देतात. रक्कम किती, ते नैतिकता समितीने ठरवायचं. आम्ही यातलं पहिलं वाक्य पाठ केलंय.

आणि या बायकांना बांधून घालणारा पैसा म्हणजे काय, हे आपण शिकवायची गरज नाही. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली की हंगामभर उसाच्या फडातून हलता येत नाही. आपला पैसा तसा नसावा, यासाठी एकच गोष्ट करायची: तो प्रश्न विचारायच्या आधी तिच्या हातात द्यायचा (नवऱ्याच्या नाही, तिच्याच), आणि स्पष्ट सांगायचं की मधेच नको वाटलं तर उठा, पैसे तुमचेच. परदेशात पोस्टाने होणाऱ्या सर्वेक्षणांवर असे बरेच प्रयोग झालेत. आधी दिलेली छोटी रक्कमसुद्धा नंतर देण्याच्या आश्वासनापेक्षा जास्त उत्तरं आणते. मला यात नवल वाटत नाही. विश्वास आपण आधी टाकला, एवढं माणसाला कळतं.

दोन राउंडच्या मधला काळ तर आम्ही मोकळाच सोडतो. रिचार्ज मारला नाही की नंबर बंद पडतो, काही महिन्यांनी तोच नंबर भलत्याच माणसाकडे जातो, आणि आमच्या यादीतली बाई हरवते. वर्षातून तीनदा तिच्या नंबरवर रिचार्ज टाकला आणि त्या निमित्ताने फोन केला, तर ती कुठल्या कारखान्यावर आहे तेही कळेल. ब्रिटनमध्ये मार्च १९४६ मधल्या एका आठवड्यात जन्मलेल्या ५,३६२ बाळांचा अभ्यास अजून चालू आहे. ती बाळं आता ऐंशीच्या घरात आहेत आणि त्यांना वाढदिवसाचं कार्ड जातं. आमच्याकडे एका साहेबांनी संक्रांतीला वाण द्यायचं सुचवलं. हेतू चांगला होता, पण संक्रांतीला या बायका फडात असतात, आणि विधवा बाईला आपण वाण कसं देणार?

त्या मावशींनी निघताना आणखी एक विचारलं होतं: "मागल्या टायमाला सांगितलं, त्याचं काय झालं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. डबा असो की पैसे, याची भरपाई त्यातून होत नाही. गावात जाऊन, चावडीवर बसून, काय सापडलं ते मराठीत सांगायला एक दिवस लागतो. तो दिवस आमच्या बजेटमध्ये कधीच नसतो.

शुक्रवारी मीटिंग आहे. डब्याऐवजी अर्ध्या दिवसाची हजेरी, तीन रिचार्ज आणि प्रत्येक गावासाठी तो एक दिवस, असं मी मागणार आहे. तुमच्यापैकी कुणी असं करून पाहिलं असेल तर घरटी किती खर्च आला ते मला गुरुवारपर्यंत कळवा.